जुन्या व्हॅनचे ढिले स्टिअरिंग आणि गंजलेली चासी : दोन्हींची तपासणी एकत्र कशी करावी

जुनी व्हॅन सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे वाहू लागली की बहुतेक मालक आधी टायरमधली हवा पाहतात, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतात आणि तरीही फरक पडला नाही की टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बदलतात. हा क्रम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्टिअरिंगची सगळी साखळी शेवटी चासीला बोल्टने आवळलेली असते, आणि पंधरा-वीस वर्षे पाणी, चिखल आणि मीठ सोसलेल्या चासीचा पत्राच आतून पोखरला गेला असेल, तर तिच्यावर बसवलेला कोरा बॉलजॉइंटही (वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) ढिलाच वागणार. म्हणून स्टिअरिंगची तपासणी आणि गंजाची तपासणी ही दोन वेगळी कामे न मानता एकाच दिवशी, एकाच वेळी गाडीखाली जाऊन करावीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझ्या व्हॅनचे दोन्ही टायरॉड एंड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) आणि आयडलर आर्म (दुसऱ्या बाजूने या दांड्यांना आधार देणारा हात) एका वर्षात बदलून झाले होते, तरी स्टिअरिंग व्हीलमधला प्ले, म्हणजे टायर न हलता व्हील फिरते तेवढी मोकळीक, जसाच्या तसा होता. शेवटी मी गाडीखाली झोपून स्टिअरिंग बॉक्सवर (व्हीलचे फिरणे दांड्यांकडे पोचवणारी दात्यांची पेटी) हात ठेवला आणि वर बसलेल्या भावाला स्टिअरिंग व्हील हलवायला सांगितले. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर निघणारा हात) हलण्याआधी बॉक्सच मागे-पुढे डोलत होता. बोल्ट तर घट्ट होते. काळ्या अंडरकोटिंगचा (गाडीच्या तळाला फासलेला जाड लेप) पापुद्रा नखाने उचलला तेव्हा एका बोल्टच्या छिद्रापासून खाली गेलेली, केसाएवढी बारीक तड दिसली, आणि व्हील फिरले की तिची एक कड दुसरीवर घासून तांबूस पूड बाहेर पडत होती. ती तांबूस पूड ही या सगळ्या तपासणीतली सर्वांत विश्वासार्ह खूण आहे, कारण जिथे दोन धातू एकमेकांवर घासतात तिथेच ती ताजी दिसते.

आधी सीटवर बसून

गाडीखाली जाण्यापूर्वी प्ले मोजून ठेवावा, नाहीतर दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे केवळ अंदाजाने ठरवावे लागते. गाडी सपाट जागेवर उभी करून पुढची चाके सरळ ठेवावीत, स्टिअरिंग व्हीलच्या कडेला चिकटपट्टीची एक खूण करावी आणि तिच्यासमोर डॅशबोर्डवर एक मोजपट्टी अडकवावी. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन सुरू ठेवावे. मग व्हील एका बोटाने हळूहळू फिरवावे आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने पुढचे टायर हलल्याबरोबर सांगावे. दोन्ही दिशांना मिळून खूण जितकी सरकली तितका प्ले. रॅक (आडवा सरकून चाके वळवणारा दात्यांचा दांडा) असलेल्या गाडीत तो एक-दीड सेंटीमीटरच्या पुढे गेला तर संशय घ्यावा. स्टिअरिंग बॉक्स आणि अनेक दुवे असलेल्या जुन्या पद्धतीच्या व्हॅनमध्ये तो मुळातच थोडा अधिक असतो. अंतिम आकडा मात्र त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच मानावा.

गाडी चालवताना जाणवणाऱ्या खुणाही वहीत लिहून ठेवाव्यात, कारण त्यांच्यावरून कुठे आधी पाहायचे ते कळते. वळण संपल्यावर व्हील आपणहून मध्यावर येत नसेल, तर बॉलजॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्याच्याभोवती वळते ती खीळ) कोरडे पडून जखडले असण्याची शक्यता आहे. एका पूर्ण फेरीत व्हील दोनदा जड आणि दोनदा हलके लागत असेल, तर कॉलमखालच्या शाफ्टवरचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून अडकलेला असतो. हा जॉइंट पुढच्या चाकाच्या कमानीजवळ असल्यामुळे सगळा चिखल आणि पाणी त्याच्यावरच उडते. खड्ड्यातून जाताना टक् असा एकच आवाज आला तर बॉलजॉइंट, बुश (सांध्यातली नळीसारखी गादी) किंवा कंट्रोल आर्मची (चाकाला चासीशी जोडणारा हात) बैठक पाहावी. ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढली जाणे हा ब्रेकचा दोष असू शकतो, पण ब्रेक सोडल्यावर ती उलट दिशेला झटका देत असेल तर कंट्रोल आर्म जागचा सरकत असतो, आणि तो ज्या क्रॉस मेंबरला (चासीचा आडवा भाग) जोडलेला आहे तोच गंजलेला असणे जुन्या व्हॅनमध्ये मुळीच दुर्मीळ नाही.

गाडीखाली जाण्याची रीत

इथे एक सूचना इतर सर्व सूचनांच्या आधी पाळायची आहे. गंजल्याचा संशय असलेल्या गाडीला जॅक लावताना जॅकचे डोके चासीच्या ज्या भागावर टेकणार आहे, तो भाग आधी हातोडीने ठोकून पाहावा. पोखरलेल्या पेटीसारख्या चासीत जॅक सरळ आत घुसतो आणि गाडी तुमच्या डोळ्यांदेखत खाली बसते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. ठणठणीत ठरलेल्या जागी दोन स्टँड लावावेत, जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत, आणि गाडीला हाताने जोरात ढकलून ती स्टँडवर डोलत नाही याची खात्री करूनच आत सरकावे. पहिली तपासणी मात्र चारही चाके जमिनीवर असतानाच करायची आहे, कारण सांध्यांवर गाडीचे वजन असते तेव्हाच त्यांचे खरे वागणे दिसते.

एका मदतनीसाला सीटवर बसवावे. इंजिन बंद, किल्ली स्टिअरिंग लॉक सुटेल इतकीच फिरवलेली, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. त्याने व्हील फक्त काही सेंटीमीटर डावीकडे, मग उजवीकडे असे सतत डोलवत राहावे. इंजिन सुरू असताना गाडीखाली हात घालून झोपण्यात काहीच शहाणपण नाही, आणि एवढ्याशा हालचालीला पॉवरची गरजही लागत नाही.

आता शाफ्टपासून सुरुवात करून चाकापर्यंत एकेक सांधा मुठीत धरत जावे. डोळ्यांपेक्षा बोटे जास्त सांगतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवली की एक बाजू आधी आणि दुसरी नंतर हलते का हे लगेच कळते. चांगल्या सांध्यात दोन्ही बाजू एकाच क्षणी हलतात. शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, काही गाड्यांत असलेली रबरी कपलिंग, बॉक्सचा इनपुट शाफ्ट, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, आयडलर आर्म आणि दोन्ही टायरॉड एंड असा क्रम ठेवावा. रॅकची गाडी असेल तर रॅकचे दोन्ही क्लॅम्प आणि त्यांतले बुश पाहावेत, आणि रबरी बेलो (घडीदार आवरण) बाहेरून दाबून आतला टायरॉडचा सांधा खुळखुळतो का ते पाहावे. बेलो फाटलेला असेल, तर आत गेलेल्या पाण्याने रॅकचा दांडा गंजवलेलाच असतो, असे धरून चालायला हरकत नाही.

या फेरीत बॉक्स किंवा रॅक जिथे चासीला बसला आहे, तिथे किमान दोन मिनिटे थांबावे. एक बोट बॉक्सवर आणि दुसरे बोट शेजारच्या चासीच्या पत्र्यावर, अशा रीतीने दोन्ही एकदम स्पर्श करावेत. बॉक्स पत्र्याच्या तुलनेत हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा छिद्रे अंडाकृती झाली आहेत. बॉक्स आणि पत्रा दोन्ही मिळून हलत असतील, तर चासीच वाकते आहे, आणि हा दोष कोणताही सुटा भाग बदलून जाणार नाही. आयडलर आर्मच्या बैठकीलाही हीच कसोटी लावावी. बॉक्सच्या बरोबर समोरच्या बाजूला असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते.

यानंतर पुढचे एकच चाक उचलावे, म्हणजे जमिनीवरचे दुसरे चाक दुवे धरून ठेवते. स्प्रिंग खालच्या कंट्रोल आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखाली लावावा, नाहीतर बॉलजॉइंटवर स्प्रिंगचा ताण राहतो आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. टायर घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास टायरॉडकडचा प्ले जाणवतो. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यास बॉलजॉइंट, किंगपिन किंवा बेअरिंगचा. या दुसऱ्या चाचणीत प्ले आढळला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये आहे, आणि तसाच राहिला तर बॉलजॉइंट किंवा किंगपिनमध्ये.

स्टिअरिंग बॉक्सवर लॉकनट असलेला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, आणि प्ले कमी करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग वाटतो. त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा. बाहेरचे सांधे ढिले असताना हा स्क्रू आवळला, तर प्ले थोडा लपतो, पण आतले दाते मध्याच्या जागी घट्ट होऊन लवकर झिजतात आणि वळणानंतर व्हील परत येणे थांबते. मॅन्युअलमध्ये दिलेली रीत आणि मोजमाप हाताशी नसेल तर तो स्क्रू तसाच राहू द्यावा.

गंज कुठे लपतो

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मीठ त्या पाण्याला विजेचा चांगला वाहक बनवते, म्हणून समुद्रकाठच्या आणि बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवरच्या गाड्या लवकर खंगतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापू शकतो. त्यामुळे एकमेकांवर रिव्हेट केलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो शिरला की त्यांना आतून फुगवून वेगळे करतो. सरळ असायला हवी ती कड लाटेसारखी दिसू लागली, तर मधली जागा गंजाने भरली आहे असे समजावे.

खरी गोम पोकळ भागांत आहे. पेटीसारख्या चासीच्या आत चिखल साचतो, खालची पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजतात आणि तो चिखल पावसाळा संपल्यावरही कितीतरी दिवस ओला राहतो. बाहेरचा रंग शाबूत असताना आतला पत्रा पातळ होत जातो, आणि बाहेर पहिला फोड दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. फोर्ड कंपनीने 2010 मध्ये 1998 ते 2003 या मॉडेलच्या विंडस्टार व्हॅन परत बोलावल्या, त्या मागचा ॲक्सल गंजून तडकण्याच्या शक्यतेमुळे, आणि ती कारवाई रस्त्यांवर मीठ वापरणाऱ्या प्रदेशांतल्या गाड्यांसाठी होती. गाडी बाहेरून चकचकीत आहे म्हणून खालचा भाग चांगला आहे असे कधीच धरू नये.

पाहण्याच्या मुख्य जागा अशा : स्टिअरिंग बॉक्स आणि आयडलर आर्मच्या मागचा चासीचा भाग, पुढचा क्रॉस मेंबर आणि कंट्रोल आर्मच्या बैठकी, मागच्या ॲक्सलवरून कमानीसारखी वर जाणारी चासी, स्प्रिंगचे हँगर आणि शॅकल (स्प्रिंगची टोके चासीला धरणारे भाग), बॉडी जिथे रबरावर टेकते त्या जागा, आणि जॅक लावण्याच्या जागा. ज्या व्हॅनला वेगळी चासी नसते, त्यांत पुढच्या सबफ्रेमचे कोपरे आणि दारांखालच्या पेट्या पाहाव्यात. ब्रेकच्या नळ्या चासीला जिथे क्लिपने धरलेल्या असतात, तिथे क्लिपखाली ओल राहते. तिथली नळी बोटाने चाचपून पाहणे हे पाच सेकंदांचे काम आहे आणि ते टाळू नये.

हातोडी हे इथले मुख्य हत्यार. गोल डोक्याची लहान हातोडी घेऊन चासीच्या बाजूने वीतभर अंतराने ठोकत जावे. जाड, निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. पोखरलेला पत्रा भद्द असा आवाज देतो, आणि आत गंजाचे पापुद्रे सुटलेले असतील तर ठोकल्यावर ते खाली खुळखुळत पडताना ऐकू येतात. आवाज बदलला तिथे खडूने वर्तुळ काढावे आणि सगळी चासी ठोकून झाल्यावरच परत त्या जागी यावे. मग जुना मजबूत स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या वर्तुळात अंगाचा जोर लावून टोचावे. टोक आत गेले तर तो पत्रा संपलेला आहे. टोक आत न जाता फक्त खपली निघाली, तर तारेच्या ब्रशने घासून खाली किती खोल खड्डे आहेत ते पाहावे, आणि शक्य असेल तर पाणी निघण्याच्या छिद्राच्या कडेला व्हर्निअर लावून उरलेली जाडी मोजून ती चासीच्या चांगल्या भागाशी ताडून पाहावी. वरून फासलेल्या जाड अंडरकोटिंगवर विश्वास ठेवू नये. नुकतीच, घाईघाईने काळी फासलेली चासी विकत घेण्याच्या गाडीखाली दिसली, तर मी तिथे आणखी जोरात ठोकतो.

मागची चासी स्टिअरिंगशी कशी जोडलेली आहे हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. स्प्रिंगचा एक हँगर गंजून थोडासा मागे सरकला, तर मागचा ॲक्सल तिरका होतो आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी व्हील कायम एका बाजूला धरावे लागते. हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडावा, जमिनीवर चारही ठिकाणी खडूने फुल्या माराव्यात आणि गाडी बाजूला घेऊन टेपने दोन्ही बाजूंचे अंतर व दोन्ही कर्ण मोजावेत. दोन बाजूंत लक्षात येण्याजोगा फरक आला, तर आधी हँगर, शॅकल आणि स्प्रिंगचा मधला बोल्ट पाहावा. त्याआधी अलाइनमेंटवर पैसे घालवू नयेत. काही मोजक्या गाड्यांत दोन्ही बाजू मुळातच थोड्या वेगळ्या असतात, तेवढे मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे.

काय दुरुस्त करावे आणि काय सोडून द्यावे

वरवरचा गंज घासून, गंज थोपवणारे रसायन लावून आणि झिंकचा प्रायमर देऊन आटोक्यात येतो. असे रसायन पातळ झालेला पत्रा पुन्हा जाड करत नाही; खड्डे पडलेल्या चासीवर ते फासणे म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम चोळणे.

भोक पडलेल्या भागाला वेल्डिंग हाच उपाय आहे, आणि त्याची पद्धत महत्त्वाची आहे. भोकावर ठिगळ ठेवून कडेने चार ठिपके मारणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत, कारण ठिगळाखालचा गंज वाढतच राहतो आणि ठिपके पातळ पत्र्याला धरूनच असतात. खराब पत्रा चकचकीत, पुरेसा जाड धातू लागेपर्यंत कापून काढावा, मूळ जाडीचाच पत्रा घ्यावा आणि सलग शिवण घालावी. चासीच्या उभ्या बाजूवर सरळ उभी शिवण घातली तर सगळा ताण त्या एकाच रेषेवर येतो. म्हणून जोडपट्टीची टोके तिरकी कापण्याची पद्धत आहे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, इंधनाची टाकी आणि नळ्या दूर कराव्यात, आणि आजूबाजूचे अंडरकोटिंग खरवडून काढावे, कारण ते पेट घेते. हे काम चासीचे वेल्डिंग रोज करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे, आणि रंग लावण्याआधी उघडी शिवण स्वतः पाहावी.

स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीभोवती एकच लहान तड असेल आणि सभोवतालचा पत्रा ठणठणीत असेल, तर ती तड संपते तिथे छिद्र पाडून, वेल्ड करून आणि आतून पट्टी देऊन जागा सावरता येते. माझ्या व्हॅनचे तसेच केले. पण त्याच जागी हातोडी भद्द वाजत असेल, किंवा हँगर आणि क्रॉस मेंबर अशा दोन-तीन ठिकाणी एकदम स्क्रू ड्रायव्हर आत गेला असेल, तर ती चासी बदलावी किंवा ती गाडी थांबवावी. स्टिअरिंगचा कोणताही आर्म, टायरॉड किंवा नकल (चाक धरून वळणारा भाग) वेल्ड करू नये, तापवून सरळ करू नये, वाकवू नये. तो वाकला की बदलायचाच.

टायरॉड एंड बदलताना जुना काढण्यापूर्वी बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवावेत आणि नवा तितकाच फिरवावा, म्हणजे गाडी अलाइनमेंटपर्यंत चालवत नेता येते. नट दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळल्यावर स्प्लिट पिनचे छिद्र जुळले नाही, तर नट थोडा आणखी आवळून जुळवावे, मागे ढिला करून कधीच नाही. जुनी स्प्लिट पिन आणि एकदा वापरलेले सेल्फ लॉकिंग नट परत वापरू नयेत. ग्रीस निप्पल असेल तर रबरी बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरावे. बूट फाटला की नव्या सांध्याचे आयुष्य निम्म्यावर आले असे मी समजतो.

वेल्डिंगच्या उष्णतेने चासीच्या आतला रंग जळून जातो, आणि नवा गंज नेमका त्याच जागी सर्वांत आधी चढतो. म्हणून वेल्डिंग थंड झाल्यावर लांब नळीच्या स्प्रेने पेटीच्या आत मेणाचे किंवा तेलकट आवरण द्यावे, पाणी निघण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि बाहेरून प्रायमर व रंग द्यावा. ओल्या, मिठाच्या चिखलासकट गाडी ऊबदार बंद शेडमध्ये ठेवण्यापेक्षा खालून साध्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर वाळू देणे चांगले, कारण उबेत गंज अधिक वेगाने चढतो.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. नंतर पाचशेएक किलोमीटर गाडी चालवून झाली की परत खाली जावे, बॉक्स, रॅक आणि आयडलर आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत, वेल्डच्या कडेला तांबूस पूड आली आहे का ते टॉर्चच्या उजेडात पाहावे, आणि डॅशबोर्डवरच्या पट्टीने प्ले पुन्हा मोजून वहीतल्या पहिल्या आकड्याशेजारी तारखेसह लिहावा. आकडा वाढलेला असेल तर दोष अजून गाडीतच आहे, आणि पहिल्या फेरीत ज्या सांध्यावर बोटे ठेवायची राहून गेली, तिथून तपासणी पुन्हा सुरू करावी.